पेपर छापायचे पैसे कोणी द्यायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात संशोधन नियतकालिकांच्या, म्हणजे शोधनिबंध (पेपर) छापणाऱ्या जर्नल्सच्या, वाढत्या खर्चाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी ३१ वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, आणि पहिलं पत्र वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही. नावं कोणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

ताई, मी वाणिज्य विषयात पीएचडी करतोय. गाईड म्हणतात दोन पेपर पाहिजेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, ‘यूजीसी ॲप्रूव्हड, इम्पॅक्ट फॅक्टर ७ च्या वर, तीन दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेट फ्री’. फी १,८०० रुपये. मी ५०० ॲडव्हान्स भरलेत. आता मित्र म्हणतोय हे बोगस आहे. बाकीचे भरू का? (लातूर)

नका भरू. ५०० गेले ते गेले समजा, उरलेले १,३०० खिशातच राहू द्या.

आधी आज काय करायचं ते सांगते. त्यांना मेल करा, व्हॉट्सॲप नको, मेलच, की मी माझा पेपर मागे घेतोय आणि तो छापू नये. कॉपीराइटचा फॉर्म आला असेल तर सही करू नका, केली असेल तर ती रद्द समजावी असंही त्याच मेलमध्ये लिहा. त्या मेलची प्रिंट काढून फाईलला लावून ठेवा. हे एवढं का करायचं, तर काही ठिकाणी पैसे पूर्ण न भरताही पेपर साइटवर टाकून देतात आणि मग तोच पेपर तुम्ही चांगल्या जर्नलला पाठवला की ते म्हणतात हा तर आधीच छापून आलाय. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, पण तीन वर्षांची मेहनतही गेली.

आता ‘यूजीसी ॲप्रूव्हड’ बद्दल. असं आज कोणतंच जर्नल म्हणू शकत नाही कारण तशी यादीच राहिलेली नाही. आधी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, एक भलीमोठी यादी होती, त्यात विद्यापीठांनी शिफारस करून घुसवलेली जर्नल्स होती. २०१८ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी त्यातली, कुठल्याच मोठ्या संदर्भसूचीत नोंद (इंडेक्स) न झालेली १,००९ जर्नल्स एकेक करून तपासली आणि निष्कर्ष ‘करंट सायन्स’ मध्ये छापले, तर ८८ टक्क्यांच्या वर जर्नल्स कमी दर्जाची निघाली. काहींचा पत्ता खोटा, काहींचे संपादक खोटे. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली आणि नंतर केअर नावाची नवी यादी आणली, तिचं काम पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठातच चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता यूजीसीने फक्त निकष दिलेत आणि जर्नल चांगलं की वाईट हे ठरवायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि संस्थांवर टाकलीय. मला हा निर्णय घाईचा वाटतो. यादीत दोष होते, पण लातूरच्या एखाद्या मुलाला बोट ठेवून दाखवायला काहीतरी होतं, आता त्याच्या हातात नुसता व्हॉट्सॲप मेसेज आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे २०२२ च्या पीएचडी नियमावलीत यूजीसीने पेपर छापण्याची देशभरची सक्ती काढून टाकलीय. विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, म्हणून तुमच्या विद्यापीठाचं पत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा, गाईडचं तोंडी सांगणं पुरेसं नाही. काय सांगावं, दोनाऐवजी एकच लागत असेल किंवा कॉन्फरन्समधला पेपरही चालत असेल.

आणि जर्नल ओळखायचं कसं? तीन दिवसांत पीअर रिव्ह्यू होतच नाही, दुसरा माणूस पेपर वाचून मत लिहिणार, तुम्ही दुरुस्त करणार, यात महिने जातात. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या पेपरचा इतरांनी सरासरी किती वेळा दाखला दिला त्याचा आकडा, आणि जगभर जो धरला जातो तो क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते, बाकी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ वगैरे नावांचे आकडे विकत मिळतात. आयएसएसएन हा नुसता नोंदणी नंबर आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा, त्यावरून ड्रायव्हर कसाय ते कळत नाही. खुली, म्हणजे वाचायला फुकट असलेली, जर्नल्स डीओएजे नावाच्या डिरेक्टरीत फुकट शोधता येतात. आणि हे सगळं करूनही शंका राहिली तर संपादक मंडळातल्या कोणाही एका प्राध्यापकाला त्यांच्या कॉलेजच्या मेलवर विचारा की तुम्ही खरंच या जर्नलवर आहात का. माझ्या एका विद्यार्थिनीने असं विचारलं तर त्या सरांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नव्हतं. अजून एक प्रकार असतो तो सगळ्यात फसवा, जुन्या नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट बनवतात, म्हणून लिंक मेसेजमधून उघडू नका, खऱ्या संस्थेच्या साइटवरून जा.

तुम्ही एकटे फसलात असं अजिबात मनाला लावून घेऊ नका. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला एक खोटा पेपर ३०४ जर्नल्सना पाठवला होता, त्यातल्या १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला, आणि ज्यांना पाठवला त्यातली साधारण तिसरा हिस्सा जर्नल्स भारतातली होती. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला तर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने पाच कोटी डॉलर भरायला सांगितले. हा धंदा आपल्याकडे एवढा फोफावला कारण बढतीसाठी पेपर मोजायला लागलो, वाचायचं सोडून दिलं.

छपाई गेली, कागद गेला, पोस्टाचा खर्च गेला, सगळं कॉम्प्युटरवर आलं. मग जर्नल्स स्वस्त व्हायच्या ऐवजी महाग का होतायत? (कोल्हापूर, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक)

सर, तूरडाळ महागली तर आपण मूगडाळ आणतो. पण तुम्हाला हवा असलेला पेपर एकाच जर्नलमध्ये असतो, त्याच्या बदल्यात दुसरा चालत नाही, आणि ते जर्नल एकाच कंपनीकडे असतं. म्हणून कंपनी सांगेल तो दर. त्यात लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, तपासणाऱ्याला द्यायचे नाहीत, दोघांचा पगार विद्यापीठ किंवा सरकार देतं आणि तयार झालेला माल परत त्याच विद्यापीठाला विकायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गामॉन प्रेसने हे फार लवकर ओळखलं, नव्या नव्या विषयांची जर्नल्स काढत गेले, आणि १९९१ मध्ये पर्गामॉन एल्सेव्हियर या बड्या प्रकाशन कंपनीकडे गेलं. मग १९९६ पासून ‘बिग डील’ आलं, म्हणजे एकेक जर्नल नाही, कंपनीचा सगळा गठ्ठाच घ्यायचा. इंटरनेटमुळे एक जास्तीची कॉपी द्यायला कंपनीला खर्च जवळजवळ शून्य, म्हणून गठ्ठा देणं परवडतं, पण लायब्ररीला त्यातली निम्मी जर्नल्स नको असली तरी घ्यावी लागतात आणि करार मोडायची सोय राहत नाही.

मला आमच्या लायब्ररीतला नोव्हेंबर महिना आठवतो. एजंटकडून पुढच्या वर्षाचे दर यायचे, डॉलर आणि पौंडात, आणि ग्रँट मात्र रुपयात, तीही गेल्या वर्षीइतकीच. मग विभागप्रमुखांना बोलावून यादी समोर ठेवायची आणि लाल पेनने एकेक नाव काढत जायचं. रसायनशास्त्राचे एक सर एका जर्नलचं नाव काढायला तयारच होईनात, शेवटी मराठी विभागाच्या पुस्तकांचे पैसे तिकडे वळवले. ते मी केलं आणि ते चुकलं असं मला आजही वाटतं, कारण महागडं जर्नल टिकवायला स्वस्त पुस्तकं मारली गेली, आणि हे एका कॉलेजात नाही, जगभर झालं. २०१२ मध्ये हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाच्या लायब्ररीनेही आपल्या प्राध्यापकांना लेखी कळवलं की वर्षाला ३७ लाख डॉलरच्या वर जाणारा जर्नल्सचा खर्च आता झेपत नाही. आणि दुसऱ्या बाजूला एल्सेव्हियर ज्या रेलेक्स समूहाची, त्यांच्या विज्ञान-वैद्यक विभागाची २०२३ ची विक्री ३०० कोटी पौंडांच्या वर आणि त्यावर नफा साधारण ३८ टक्के. किराणा दुकानदाराला विचारा त्याला शंभर रुपयांवर किती सुटतात.

खर्च नाहीच असं मी म्हणणार नाही. भाषा दुरुस्त करणं, गणिताची मांडणी, फाईल शंभर वर्षं टिकेल अशी जतन करणं, चोरी आणि बनावट चित्रं पकडणं, रिव्ह्यूअर शोधत बसणं, याला माणसं लागतात. पण त्या कामाचा खर्च वेगळा आणि आपण देतो ती किंमत वेगळी.

मग २००० नंतर खुल्या प्रकाशनाची चळवळ आली, २००२ चा बुडापेस्टचा जाहीरनामा, २००३ मध्ये ‘प्लॉस बायोलॉजी’ हे जर्नल. वाचकाला फुकट, लेखकाने एकदाच १,५०० डॉलर द्यायचे. उद्देश चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण मोठ्या कंपन्यांनी तीच वाट धरली आणि बिल वाचणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे सरकवलं. ‘नेचर’ ने २०२१ पासून पेपर खुला करायचे ९,५०० युरो लावले, त्या वेळचे साडेआठ लाख रुपयांच्या आसपास. २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’ या मेंदूविज्ञानाच्या जर्नलची फी ३,४५० डॉलर झाली तेव्हा तिथल्या ४० हून जास्त संपादकांनी ती कमी करा म्हणून मागणी केली, एल्सेव्हियरने ऐकलं नाही, तर सगळ्यांनी एकदम राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसबरोबर ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ काढलं. मला ही बातमी वाचून फार बरं वाटलं होतं. कारण जर्नलचं नाव कंपनीचं असलं तरी त्याची इभ्रत त्या माणसांची असते, ती उठून गेली की उरतं ते कव्हर.

तुमच्या विषयात तर हे सांगायलाच नको, पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला आर्काइव्ह नावाचं पेपर फुकट ठेवायचं ऑनलाइन ठिकाण सुरू केलं तेव्हापासून भौतिकशास्त्राचे लोक पेपर आधी तिथे टाकतात आणि वाचतात. बाकीच्या विषयांनी हे ३० वर्षं आधी केलं असतं तर आज माझ्याकडे ही पत्रं आलीच नसती.

माझी मुलगी जर्मनीत पोस्टडॉक करते, तिला पेपरची फी भरावी लागत नाही. इथे माझ्या भाच्याला मात्र अडीच लाख मागितले. असा भेद का? (सातारा)

मुलीची फी माफ नाही झाली, तिच्या वतीने कोणीतरी भरलीय. जर्मनीतल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन मोठ्या प्रकाशकांशी डील नावाने करार केले, २०१९ मध्ये वायलीशी, पुढच्या वर्षी स्प्रिंगर नेचरशी, २०२३ मध्ये एल्सेव्हियरशी, त्यात वाचणं आणि छापणं दोन्ही आलं. भाच्याच्या बाबतीत अडचण अशी की बहुतेक प्रकाशक आपोआप माफी देतात ती अगदी गरीब देशांना, भारत त्या यादीत बसत नाही, आणि श्रीमंत देशांइतके पैसे आपल्याकडे नाहीत, म्हणजे आपण दोन्हीकडून बाहेर. केंद्र सरकारने एक देश एक सबस्क्रिप्शन या, सरकारी संस्थांसाठी जर्नल्स एकत्र घेण्याच्या योजनेसोबत चांगल्या खुल्या जर्नल्सच्या फीसाठी वर्षाला १५० कोटी ठेवलेत. अडीच लाखाने भागलं तर ६,००० पेपर होतात, आणि आपल्याकडून वर्षाला निघणारे पेपर लाखांच्या घरात आहेत.

भाच्याला सांगा, अडीच लाख भरू नको. बरीच जुनी जर्नल्स दोन्ही प्रकारची असतात, फी न भरता नेहमीच्या पद्धतीने छापून घेता येतं, फक्त पेपर खुला राहत नाही. मग आपली स्वीकारलेली कॉपी, कंपनीची मांडणी नसलेली, विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवायची, किती महिन्यांनी ठेवता येईल ते जर्नलच्या नियमात दिलेलं असतं.

आमचं मराठी संशोधन त्रैमासिक चाळीस वर्षं चालू आहे. वर्गणीदार नऊशेवरून दोनशे दहावर आले. कागद, छपाई, टपाल सगळं महागलं. ऑनलाइन गेलो तर वर्गणी बुडेल, नाही गेलो तर अंक बुडेल. काय करावं? (नाशिक, संपादक)

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. परदेशी जर्नल्सच्या नफ्याबद्दल आपण बोलतो, पण मराठीत जी शोधनियतकालिकं चालतात ती कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, कोणाच्या तरी पेन्शनवर चालतात. कागदावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक प्रकारांत १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, शाळेच्या वह्यांच्या कागदाला सूट मिळाली, तुमच्या अंकाच्या कागदाला नाही. पुस्तकं पाठवायचं स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. हे निर्णय घेताना दोनशे दहा वर्गणीदारांचं त्रैमासिक कोणाच्या डोळ्यासमोर नसतं.

ऑनलाइन जा, पण कागद बंद करू नका. ५०० प्रती ऑफसेटवर छापायची सवय सोडा, डिजिटल प्रिंटिंगवर जेवढे वर्गणीदार तेवढ्याच अधिक वीस-पंचवीस प्रती काढा, प्रतीमागे थोडं महाग पडेल पण गोडाऊनमध्ये गठ्ठे पडून राहणार नाहीत. नवा अंक आधी वर्गणीदारांना छापील द्या आणि सहा महिन्यांनी वेबसाइटवर सगळ्यांना खुला करा. वर्गणी बुडेल ही भीती मला तेवढी खरी वाटत नाही, कारण जे दोनशे दहा उरलेत ते अंक मिळावा म्हणून वर्गणी भरत नाहीत, अंक चालू राहावा म्हणून भरतात, त्यांना तसं मोकळेपणाने सांगा आणि जमेल त्यांनी जास्त द्या म्हणा.

वेबसाइटसाठी ओपन जर्नल सिस्टिम्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, कॅनडात तयार झालेलं, पूर्ण फुकट, हजारो जर्नल्स त्यावर चालतात. लेख येणं, रिव्ह्यूअरला जाणं, दुरुस्ती, अंक लावणं सगळं त्यात होतं. खर्च येतो तो सर्व्हरचा, आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ते सांभाळणारा माणूस. जवळच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाशी बोला, पण एकाच मुलावर सगळं टाकू नका, तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. ऑनलाइन आवृत्तीला वेगळा आयएसएसएन लागतो, तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून फुकट मिळतो, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रत्येक लेखाला डीओआय घ्या, म्हणजे साइट बदलली तरी लेखाचा पत्ता कायम राहतो, त्याला डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेची वार्षिक फी आणि नव्या लेखामागे साधारण एक डॉलर पडतो.

आता सगळ्यात अवघड काम, आणि याबद्दल इंग्रजीत कोणी लिहिणार नाही कारण हे दुखणं आपलं आहे. तुमचे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा तसल्याच फाँटमध्ये लावलेले असणार. त्या फाईलमध्ये आपल्याला मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नसतं, म्हणून ती पीडीएफ वेबसाइटवर टाकली तरी गूगलला त्यातला एक शब्द सापडत नाही. चाळीस वर्षांचं संशोधन डोळ्यांसमोर असून अदृश्य. युनिकोडमध्ये बदलणारी कन्व्हर्टर मिळतात पण ती आंधळेपणाने वापरू नका, पहिली वेलांटी एक अक्षर सरकते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘सुऱ्या’ आणि ‘ऱ्हास’ मधला अर्धा र तर हमखास मोडतो, आणि शिलालेखाचं वाचन किंवा जुन्या बखरीतलं अवतरण असेल तर एका जोडाक्षराने अर्थ बदलतो. म्हणून कन्व्हर्ट करून झाल्यावर माणसाने मूळ अंक समोर ठेवून वाचलंच पाहिजे. सगळे अंक एकदम जमणार नाहीत. आधी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, लेखकांची नावं आणि चार ओळींचा सारांश एवढंच युनिकोडमध्ये टाका आणि मागे स्कॅन केलेला अंक जोडा. एवढ्यानेही न्यू जर्सीत किंवा नांदेडला बसलेल्या माणसाला कळेल की या विषयावर मराठीत १९९४ साली लेख आलाय. आणि यापुढचा प्रत्येक अंक मात्र पहिल्यापासून युनिकोडमध्येच लावा, टायपसेटर नाही म्हणाला तर टायपसेटर बदला.

मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड आमच्या लायब्ररीत काचेच्या कपाटात असायचे, वर्षाला पाच-दहा मुलं हात लावायची. ते वेबसाइटवर फुकट आल्यापासून शाळेतली पोरं मोबाइलवर वाचतायत. तुमच्या अंकालाही वाचक आहेत, कपाटाची किल्ली तेवढी काढायचीय.

लेखकांकडून फी घेऊ नका, एवढं एक ऐका. तुमचा अंक मान राखून आहे तो त्यामुळेच.

मी खाजगी प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. कोणत्याच संस्थेत नाही. साय-हबवरून पेपर वाचायचो, आता ते उघडत नाही. सरकारच्या नव्या योजनेत माझं नाव बसेल का? (सांगली)

दुर्दैवाने नाही, डॉक्टर. एक देश एक सबस्क्रिप्शन ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, आणि ती ६,३०० च्या आसपास सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी आहे. व्यक्तीला लॉगिन मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जनतेच्या पैशाने घेतलेलं वाचन तालुक्याच्या डॉक्टरला आणि निवृत्त शिक्षकाला जिल्हा ग्रंथालयात बसून तरी मिळायला हवं, पुढचा करार होईल तेव्हा सरकारने हे मागावं.

साय-हब ही पैसे लावलेले पेपर परवानगीशिवाय फुकट देणारी साइट. ते अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या तरुणीने २०११ मध्ये सुरू केलं, एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात ब्लॉक करायचा आदेश झाला. लोक तिकडे का जायचे ते मला समजतं, एका पेपरला तीन हजार रुपये मागितले तर पेशंटची फी किती घ्यायची?

पण रस्ते आहेत. पबमेड सेंट्रल या वैद्यक पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात पूर्ण पेपर फुकट असतात, आणि १ जुलै २०२५ पासून अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर झालेल्या संशोधनाचा स्वीकारलेला पेपर छापून येताच तिथे खुला करावा लागतो, त्यामुळे तो साठा आता झपाट्याने वाढेल. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन टाका, पेपरची कायदेशीर फुकट कॉपी कुठे असेल तर ते दाखवतं. नाहीच मिळालं तर लेखकाला दोन ओळींचा मेल करा, बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात. आणि आपल्या मुंबईचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ जरूर वाचा, केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं, १९५५ पासूनचं. ते खुलंही झालं आणि लेखकाकडून पैसेही घेतले नाहीत. याच मुंबईत मेडनो ही प्रकाशन संस्था उभी राहिली, जिने कितीतरी भारतीय वैद्यक जर्नल्स अशीच ऑनलाइन खुली केली, छापील अंकांची वर्गणी आणि जाहिरातींवर खर्च भागवून. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या परदेशी प्रकाशन कंपनीने ती विकत घेतली. हे आपल्याकडे जमलं होतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पेपरचं इंग्रजी चॅटजीपीटीकडून सुधारून घेतलं तर चालतं का? आणि आमचे छापलेले पेपर प्रकाशक एआय कंपन्यांना विकतात असं ऐकलं, खरंय का? (मडगाव, प्राध्यापिका)

भाषा सुधारायला बहुतेक जर्नल्स परवानगी देतात, तसं पेपरमध्ये लिहावं लागतं. लेखक म्हणून त्याचं नाव देता येत नाही कारण जबाबदारी घ्यायला माणूस लागतो. मला विचाराल तर कोकणी-मराठीत वाढलेल्या मुलीचं इंग्रजी अडखळतं म्हणून तिचं चांगलं संशोधन परत येऊ नये, त्यासाठी हे साधन मी आनंदाने वापरीन. पण संदर्भ त्याच्याकडून कधीच घेऊ नका, नसलेले पेपर असल्यासारखे सांगतं, प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. आणि रिव्ह्यूसाठी आलेला दुसऱ्याचा पेपर त्यात टाकू नका, तो विश्वासाने दिलेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटियर्स या प्रकाशकाच्या एका जर्नलमध्ये एआयने काढलेलं उंदराचं चित्र छापून आलं, अवयव अशक्य आणि नावं अर्थहीन, तीन दिवसांत मागे घ्यावं लागलं. ते संपादक आणि रिव्ह्यूअर दोघांच्या नजरेखालून गेलं होतं. त्याआधी २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नल्समधून ८,००० हून जास्त पेपर मागे घेतले गेले, पेपर विकणाऱ्या टोळ्यांनी ती पोखरली होती, आणि ही हिंदावी वायलीने दोनच वर्षं आधी जवळपास ३० कोटी डॉलरला घेतली होती. पेपरमागे फी मिळते म्हटल्यावर जास्त छापावंसं वाटतं, तिथूनच हे सुरू होतं.

विक्रीचं म्हणाल तर हो. टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकाची मालक कंपनी इन्फॉर्मा हिने २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी असा करार जाहीर केला, पहिली रक्कम एक कोटी डॉलर, आणि कित्येक लेखकांना ते बातम्यांतून कळलं. कॉपीराइट कंपनीला लिहून दिला असेल तर फारसं काही करता येत नाही. म्हणून सही करायच्या आधी फॉर्म वाचा, जमेल तिथे कॉपीराइट स्वतःकडे ठेवून फक्त छापायचा हक्क द्या.

महागड्या परदेशी पुस्तकातली प्रकरणं झेरॉक्स करून वर्गात वाटणं गुन्हा आहे का? (नागपूर)

शिकवण्यापुरतं असेल तर नाही. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिसने २०१२ मध्ये केस केली होती, १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढे प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अख्खं पुस्तक छापून विकणं वेगळं, ते करू नका.

वडील गेले. त्यांच्या कपाटात इतिहासाच्या शोधनियतकालिकांचे १९५० पासूनचे गठ्ठे आहेत. फ्लॅट लहान आहे. आता सगळं ऑनलाइन मिळतं म्हणून रद्दीत देणार होतो, मन होत नाही. (वसई)

थांबा, देऊ नका. सगळं ऑनलाइन नाहीये. पुण्याच्या भांडारकर संस्थेची ‘ॲनल्स’ १९१९ पासूनची आहे आणि ती जेस्टोर या जुन्या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहात मिळते, गोखले इन्स्टिट्यूटने आपल्या जुन्या पुस्तकांचं मोठं स्कॅनिंग करून खुलं ठेवलंय, पण छोट्या मराठी नियतकालिकांचे कित्येक अंक संपादकांच्या घरीसुद्धा उरलेले नाहीत.

एका रविवारी बसा आणि वहीत यादी करा, नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक, पानं पूर्ण आहेत का. प्रत्येक कव्हरचा मोबाइलवर फोटो काढा. ती यादी त्या नियतकालिकाच्या संस्थेला आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला पाठवा आणि विचारा की यातले तुमच्याकडे कोणते नाहीत. गठ्ठा उचलून थेट नेऊ नका, ज्याची दहावी प्रत त्यांच्याकडे आहे ते ठेवायला त्यांनाही जागा नसते. वडिलांनी समासात पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर खोडू नका, ते वेगळं नोंदवा. वसईची हवा दमट आहे, तोवर अंक जमिनीवर ठेवू नका, प्लास्टिकमध्येही बांधू नका, जुन्या सुती धोतरात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा. आणि यादी झाली की मलाही एक प्रत पाठवा, नाशिकच्या संपादकांचे हरवलेले दोन-चार अंक त्यात निघू शकतात.